अमेरिकेची शिलाईवाली

आमच्या गावच्या यात्रेतल्या नाटकात एकदा नायक कॅन्सरनं मेला. खरं तर नाटकात त्याला कॅन्सर नव्हता. तो शेवटी फौजदार होणार होता, अंगावर खाकी कपडे चढलेसुद्धा होते. पण पुण्याहून बोलावलेली नटी त्याच आठवड्यात आणखी दोन गावांची नाटकं करून आली होती, आणि तिसऱ्या अंकात तिनं सरळ दुसऱ्याच गावचं नाटक सुरू केलं. "डॉक्टरांनी आशा सोडली हो!" म्हणून तिनं हंबरडा फोडला. आमचा नायक एरवी डेअरीत दुधाचं फॅट बघायचा. त्यानं घाबरून विंगेत पाहिलं. विंगेत माझा नवरा नाटकाचं पुस्तक धरून प्रॉम्प्टिंगला उभा होता. पुस्तकात कॅन्सर कुठंच सापडेना, तेव्हा त्यानं हातानं 'पड, पड' अशी खूण केली. नायक खाकी कपड्यांत खोकत खोकत मेला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी तेव्हा निमोण्यात नवी सून होते. बायकांच्या बाजूला गोणपाटावर बसले होते. शेजारच्या बाया डोळे पुसत होत्या आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होते. हसता हसताच माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. पुढच्या यात्रेत हे काम मी करणार. स्टेजच्या त्या फळ्यांवर मी उभी राहणार.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. शाळेपासून कॉलेजपर्यंत एकही गॅदरिंग मी सोडलं नव्हतं. राणी झाले, भिकारीण झाले, एकदा तर झाड झाले आणि झाड असून बक्षीस मिळवलं. त्यामुळं मला यात्रेच्या नाटकात काम करायचंय हे नवऱ्याला सांगताना काही विशेष वाटलं नाही. तो रांजणगावला कंपनीत होता, शिफ्टवरून येऊन जेवत होता. त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

"आबांना कोण सांगणार?"

"मी."

"मग मी त्या दिवशी डबल शिफ्ट घेतो," तो म्हणाला.

आबा म्हणजे माझे सासरे. डेअरीचे चेअरमन, यात्रा कमिटीचे अध्यक्ष. माणूस प्रेमळ, पण शब्दाचा भयंकर. एकदा कुठल्याशा मीटिंगमध्ये रागाच्या भरात "आजपासनं च्या सोडला" असं बोलून गेले, तेव्हापासून गरम दूध पितात आणि दुसऱ्याच्या कपातल्या वासानं कासावीस होतात. चारचौघांत तोंडातून गेलं की गेलं.

कमिटीची बैठक आमच्याच ओसरीवर होती. मी चहाचा ट्रे घेऊन गेले, सगळ्यांना कप दिले, आबांना दूध दिलं आणि तिथंच उभी राहिले.

"आबा, यंदा पुण्याची नटी आणू नका."

"मग काय डेअरीवाल्याला साडी नेसवू?"

"मी करते काम."

कुणाची तरी बशी खणकन वाजली. पिठाच्या गिरणीवाला कमिटीत होता, त्यानं उगाच छपराकडं बघितलं. आबांनी दुधाचा पेला खाली ठेवला.

"हे बघ सूनबाई. तू कालिजात नाटकं केलीस, मला ठावं हाय. फोटोबी बघितल्यात. पर हितं कर्णा लावत्यात. वाऱ्यानं पार न्हावऱ्यापातुर आवाज जातो. आपल्या घरातल्या बाईचा आवाज कर्ण्यातनं चार गावांत गेल्याला मला चालायचा न्हाई. माझा शब्द हाय. बास."

विषय संपला. कमिटी मंडपाच्या खर्चाकडं वळली.

मी रागानं आत आले आणि कांदे चिरायला घेतले. कांदे चिरताना रडलं तर कुणी विचारत नाही, ही एक सोय. सासूबाई समोर भाकरी थापत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "म्या बी सांगितलं आस्तं त्यांना, पर त्यांनी एकडाव म्हटलं ना..." आणि परातीत पीठ टाकलं. मी आबांचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. आवाज जायचा नाही. आवाज चालायचा नाही. कर्ण्यातनं आवाज. चौथ्या कांद्याला मी सुरी खाली ठेवली. आबांची हरकत काय ती आवाजाला होती. आणि आवाज नसलेलं एक अख्खं नाटक मला माहीत होतं. ते दौंडला होतं, पत्र्याच्या गोल डब्यांत.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या क्वार्टरच्या मागं एक म्हातारे अँग्लो-इंडियन गृहस्थ राहायचे. रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर. सगळी कॉलनी त्यांना अंकल म्हणायची. त्यांच्याकडं एक जुनं प्रोजेक्टर होतं, आणि सबंध म्हणावा असा एकच सिनेमा. फार जुना, अमेरिकेतला, बिनआवाजाचा. मी कॉलेजात असताना रविवारी दुपारी ते खिडक्यांना घोंगड्या लावायचे, भिंतीवर चादर ठोकायचे आणि तोच सिनेमा लावायचे. घरोघरी टीव्ही आले होते, केबल आली होती, तरी आम्ही पाच-सहा जण हमखास जायचो. बल्ब तापला की धूळ जळल्याचा वास यायचा. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून अंकल गोष्ट सांगायचे.

गोष्ट अशी. एक गरीब शिलाईवाली आणि तिची धाकटी बहीण. बहिणीचं लग्न गावातल्या श्रीमंत घरच्या मुलाशी ठरलेलं. एक दिवस त्या घरातल्या बाईसाहेबांचा हार चोरीला जातो. त्या दिवशी शिलाईवाली झग्याचं माप घ्यायला तिथं गेलेली असते, म्हणून आळ तिच्यावर येतो. तिनं खरा चोर पाहिलेला असतो. तो म्हणजे होणारा नवरदेवच. पण बोलली तर बहिणीचं लग्न मोडेल, म्हणून ती गप्प राहते. पोलीस विचारतात, बाईसाहेब विचारतात, बहीण पाया पडून विचारते. ती गप्प. शेवटी बहिणीलाच त्याच्या कोटाच्या खिशात हार सापडतो आणि ती बोटातली अंगठी काढून त्याच्यासमोर ठेवते.

पण मला चक्रावून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्या सिनेमात जेवणाचं टेबल होतं, आणि सगळी माणसं टेबलाच्या तीनच बाजूंना बसलेली. आमच्याकडं पाठ करून कुणीच नाही. खोलीला भिंती तीन. जो तो डाव्या दारानं यायचा, मधोमध थांबायचा आणि उजव्या दारानं जायचा. हे तर आमच्या गॅदरिंगसारखंच! मी तसं म्हणाले, तर अंकल खुर्चीवरून उठलेच.

"शाबाश! अरे बेटी, ये पहले नाटकच था. स्टेजपे बोलते थे सब. फिर पिक्चरवाला आया, सब डायलॉग निकालके फेंक दिया. फिर भी देखो, गाडी चल रही है कि नहीं?"

कांद्यांपुढं पाटावर बसून मला हेच आठवलं. ज्यांनी स्टेजवरून सिनेमात नेताना बोलणं काढून टाकलं, त्यांच्याकडून मी ते नाटक पुन्हा स्टेजवर आणणार होते. बोलणं मात्र तिकडंच राहू देणार होते.

पुढच्या रविवारी आम्ही जीप करून दौंडला गेलो. आबांना सांगितलं की माहेरी जातोय, आणि ते खरंच होतं, फक्त पुरतं नव्हतं. बरोबर नवरा, डेअरीवाला, गिरणीवाला आणि गावातला सलूनवाला. अंकल आता वाकले होते, पण घोंगड्या त्यांनी स्वतः लावल्या. आमची मंडळी चादरीसमोर मांडी घालून बसली. पहिली दहा मिनिटं नुसती चुळबुळ.

"आवाज कवा येनार?" गिरणीवाला कुजबुजला.

"येणार नाही."

"मंग मशीन दुरुस्त करा म्हनावं."

मध्येच काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरं यायची आणि अंकल ती वाचून हिंदीत सांगायचे. हळूहळू चुळबुळ थांबली. शिलाईवालीला पोलीस पकडायला आले तेव्हा डेअरीवाला गुडघ्यावर उभा राहिला. ती नुसती उभी होती. हात शिलाई मशीनच्या चाकावर, नजर बहिणीवर. तोंडातून शब्द नाही. सलूनवाल्यानं खिशातून नॅपकिन काढला आणि नाक शिंकरलं.

परत येताना भीमेच्या पुलावर जीप थांबवून आम्ही कामं वाटली. मी शिलाईवाली. डेअरीवाला श्रीमंताचा चोरटा पोरगा. गिरणीवाल्याचं अंग भरलेलं, तो पोलीस. बाईसाहेब दाखवायच्याच नाहीत असं ठरलं. धाकट्या बहिणीवर गाडी अडली. सगळे सलूनवाल्याकडं बघायला लागले. त्यानं मिशीवर हात ठेवला.

"न्हाई हां. लग्नातबी काढली नव्हती."

"रोज दुसऱ्यांच्या काढतोस की," डेअरीवाला म्हणाला.

आता प्रश्न राहिला गोष्ट सांगणाऱ्याचा. नुसती मुकी माणसं फळ्यांवर फिरली तर गाव पहिल्या पाच मिनिटांत उठून कुस्त्या बघायला जाईल. अंकलसारखं कुणीतरी हवं होतं. नवरा म्हणाला, वस्तीवरच्या मामांना विचारू.

गावाबाहेर धनगरांची वस्ती होती. पूर्वी त्यांची मेंढरं कोकणापर्यंत जायची, आता सगळे बागायतदार झाले होते. मामा तिथले ओव्या लावणारे. ओवीची त्यांची पद्धत अशी की आधी मुख्य गाणारा गाऊन सांगतो, मागचे झील धरतात, मग तोच पुढची गोष्ट बोलून सांगतो, की पुन्हा गाणं. ढोल आणि झांज असली की माणूस तासन् तास हलत नाही. मी मामांना शिलाईवालीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, "बाईचं गाव कंचं?"

"अमेरिका."

"आवो, अमेरिका काय गाव हाय व्हय? गाव सांगा. नदी सांगा. नदीबिगर ववी उभी कशी ऱ्हाईल?"

"धरा ना भीमेसारखी एखादी नदी."

"मेंढरं किती व्हती त्यांच्यात?"

"मेंढरं नाहीत मामा. शिलाई मशीन आहे."

मामांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं दयेनं पाहिलं. "थंडी आसती का न्हाई तितं?"

"खूप. बर्फ पडतो."

"मंग लोकरीची कापडं आली. लोकर आली म्हंजी मेंढरं आली. हायेत मेंढरं. तुमास्नी दिसली न्हाईत." 

मी वाद घातला नाही. मामांनी अमेरिकेत मेंढरं घातली, एक खंडोबाचं ठाणं घातलं, आणि गोष्ट एकदम आमची झाली.

तालमी दुपारच्या, गिरणी बंद असायची तेव्हा, गिरणीतच. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. तिथंच एका दुपारी दारात आबा उभे राहिले. कुणीतरी कान फुंकले होते. मी मध्यभागी, समोर पोलीस झालेला गिरणीवाला, पायाशी पदर घेतलेला सलूनवाला. मामांची ओवी अर्धीच राहिली.

"काय चाललंय?"

नवरा पोत्यांमागं होता, तो तिथंच राहिला. मी पुढं झाले.

"तालीम, आबा."

"मी काय बोललो व्हतो कमिटीत?"

"आपल्या घरातल्या बाईचा आवाज कर्ण्यातनं जायचा नाही."

"मग?"

"नाही जाणार. ह्या नाटकात बाई बोलतच नाही. शेवटपर्यंत."

आबांनी एकेकाकडं पाहिलं. "गप उभी ऱ्हानार? तू?" असं विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला फारसं आवडलं नाही. घरात मी किती बोलायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सबंध नाटकभर," मी म्हणाले.

ते बराच वेळ आपलं स्वतःचंच वाक्य उलटंपालटं करून बघत असावेत. पळवाट बुजवायला एखादा शब्द सापडतोय का ते शोधत असावेत. पण कमिटीत बोललेल्या शब्दाला मागाहून ठिगळ लावणारा तो माणूस नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "पर कान उघडे ठिवून ऐक. एक हुंकारा जरी ऐकू आला, खोकलीस जरी, तरी ह्या घरात परत नाटकाचं नाव काढायचं न्हाई. कधीच न्हाई."

"आणि नाही आला तर?"

"तवाचं तवा बघू."

एवढं मला पुरेसं होतं. त्या दिवसापासून मी घरातही गप्प राहायचा सराव सुरू केला. सासूबाईंनी काळजीनं दृष्ट काढली.

आमचा खेळ यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्या संपल्यावर, दिवस मावळायच्या आत ठरला. फ्रॉक घालायला कमिटीनं मनाई केली होती, म्हणून मी साधं लुगडं नेसले. मामांनी सुरुवातीलाच गाऊन टाकलं की अमेरिकेतही गरिबाघरी लुगडंच नेसतात, आणि कुणी शंका काढली नाही. मामा फळ्यांच्या कडेला खाली बसले होते, म्हणून माईकचा दांडा त्यांच्यापुढं बुटका करून ठेवला होता. त्याला लागूनच पहिल्या रांगेत अध्यक्षांची खुर्ची. आबा तिथं फेटा बांधून, काठीवर दोन्ही हात ठेवून, मान पुढं काढून बसले होते. नाटक बघायला नव्हे, ऐकायला. माझा हुंकारा ऐकायला.

नवरा सवयीनं विंगेत उभा होता. प्रॉम्प्टिंगला शब्दच नव्हता, त्यामुळं हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

पहिली पंधरा मिनिटं लोक गोंधळले. "आवो, माईक चालू करा की!" "बाई मुकी हाय का काय?" पण मामांनी धरून ठेवलं. श्रीमंताच्या पोरानं हार खिशात घातला तेव्हा बायकांच्या बाजूनं "अगं बया!" आलं, आणि मला कळलं की आता हे लोक कुठं जात नाहीत.

मग पोलीस आला. प्रवेश असा होता की त्यानं खुर्ची ओढून बसायचं, मिशीला पीळ द्यायचा आणि मला दरडावायचं. तेसुद्धा हातवाऱ्यांनीच, शब्द मामांचे. खुर्ची ग्रामपंचायतीची, लोखंडी. गिरणीवाल्यानं ती ऐटीत ओढली, तिचा पुढचा पाय माझ्या अनवाणी पायाच्या अंगठ्यावर ठेवला आणि वर बसला. सगळा बसला.

माझ्या डोळ्यांपुढं दिवसा चांदण्या आल्या. घशापर्यंत किंकाळी आली होती. समोर आबांचा पुढं आलेला कान दिसत होता. मी दात आवळले. तोंड मिटलं. शिलाई मशीनच्या चाकावरचा हात इतका घट्ट झाला की चाक कुरकुरलं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. मी गिरणीवाल्याला डोळ्यांनी सांगत होते की ऊठ मेल्या, ऊठ. त्याला वाटलं, बाई आज काय काम करतीये! त्याला जोर चढला. तो खुर्चीतच हिसके देऊन मला दरडावायला लागला.

बायका हुंदके द्यायला लागल्या. "बोल की गं बाई!" कुणीतरी ओरडलं. "सांग की, कुनी चोरलंय त्ये!" मामांचाही आवाज भरून आला, ढोल थांबला. पायाशी सलूनवाला बहिणीच्या कामात रडत होता, त्याचं रडणं खरं होतं. मी काही ऐकत नव्हते. माझ्या डोक्यात एवढंच होतं की आवाज काढायचा नाही. पाय तुटला तरी चालेल, पण आता आवाज काढला तर पुढं जन्मभर कांदे.

आणि तेवढ्यात आबा उठले. काठी आपटून, मामांच्या बुटक्या माईकवर वाकून, डेअरीच्या सभेत लावतात त्या आवाजात त्यांनी हाक दिली.

"आरं तिनं न्हाई चोरलं! त्या पोराच्या कोटाचा खिसा बघ!"

ते वाक्य कर्ण्यातून निघालं आणि वाऱ्यानं पार न्हावऱ्यापर्यंत गेलं.

गिरणीवाला पोलीस होता हे खरं, पण त्याआधी तो डेअरीचा सभासद होता. चेअरमनचा हुकूम कानावर आला की त्याचं अंग आपोआप हलायचं. तो ताडकन उठला (माझा अंगठा सुटला), डेअरीवाल्याकडं गेला आणि त्याच्या खिशातून हार बाहेर काढला. झालं! अख्खा एक अंक बाकी होता आणि चोर सापडला होता. डेअरीवाल्यानं विंगेत पाहिलं. विंगेत माझ्या नवऱ्यानं गेल्या वर्षीप्रमाणं 'पड' अशी खूण करायला हात उचलला, पण आपल्याच हाताकडं बघून तो खाली घेतला.

सावरलं ते मामांनी. त्यांनी ढोलवाल्याला इशारा केला आणि गाऊन सांगितलं की त्या अमेरिकेत एक पांढऱ्या फेट्याचा म्हातारा होता, साऱ्या गावाचा वडील. त्याला दुसऱ्याच्या लेकीचं दुःख बघवलं नाही, म्हणून तो भर सभेत उठला. झीलकऱ्यांनी झील धरली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. आबा तसेच उभे होते, माईकचा दांडा हातात. आपण काय केलं हे त्यांना ओवीतून कळत होतं. सलूनवाल्यानं अंगठी काढून चोरट्याच्या पायाशी टाकली. मी लंगडत लंगडत मशीनपाशी जाऊन बसले आणि सुईत दोरा ओवला. अंधार पडायच्या आत खेळ संपला. तोंडातून मी एक अक्षर काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा घराबाहेर पडले नाहीत. डेअरीत दूध घालायला आलेला जो तो विचारत होता, "आबा कुठंयत? काल काम झ्याक झालं त्यांचं." न्हावऱ्याहून फोन आला की तुमच्याकडं यंदा नवीन नट आणलाय का, आवाज खणखणीत आहे.

दुपारी मी ओसरीवर मिठाच्या गरम पाण्यात पाय घालून बसले होते. अंगठा वांग्याच्या रंगाचा झाला होता. आबा आले, पाटावर बसले.

"खुर्ची पायावं व्हती व्हय?"

"हो."

"आन् तू वरडली न्हाईस."

"तुमचा शब्द होता."

त्यांनी वाकून माझा अंगठा बघितला. आत सासूबाईंचं भाकरी थापणं थांबलं होतं, म्हणजे त्याही ऐकत होत्या.

"मला वाटलं, रडतीया ती नाटकातलं," आबा म्हणाले. "नाटकातलं म्हनूनच मला ऱ्हावलं न्हाई. खरं कळलं आस्तं तर गिरनीवाल्याला थितंच बडवला आस्ता."

"आबा, तवाचं तवा बघू म्हणाला होतात."

"व्हय."

"मला पुढच्या वर्षी बोलायचंय. कर्ण्यातनं."

ते उठून गेले. संध्याकाळी हिशेबाला कमिटी जमली, मी चहा घेऊन गेले आणि पुन्हा तिथंच उभी राहिले. लंगडत उभी राहिले, हे खरं, आणि थोडं जास्तच लंगडत, हेही खरं. आबांनी खाकरून घसा साफ केला. "पुढल्या साली नटी आनायची न्हाई," ते म्हणाले. "सूनबाई काम करनार, आन् बोलनार. माझा शब्द हाय."

गिरणीवाल्यानं भीत भीत विचारलं, "पर आबा, तुमीच तर म्हनला व्हता..."

"म्हनलो व्हतो. ती गप ऱ्हायली तवा काय झालं, बघितलं न्हवं? ती बोलली तर मी तरी गप बशीन."

पुढच्या वर्षी आम्ही बोलणारं नाटक बसवलं. माझं पहिलं वाक्य होतं, "मी आत येऊ का?" वर्षभर मी ते गोठ्यात म्हटलं, विहिरीवर म्हटलं, शिरूरच्या बाजारातून येताना एसटीत मनातल्या मनात म्हटलं. आणि त्या दिवशी फळ्यांवर, भर मांडवात, माईकसमोर तोंड उघडलं, तर आवाज आला तो पिंपातल्या उंदरासारखा. माईकनं तो घेतलाच नाही. मांडवात खसखस पिकली.

"आगं, मुकीच बरी व्हती की!" बायकांच्या बाजूनं कुणीतरी बोललं.

पहिल्या रांगेत आबा होते. काठीवर हात, ओठ घट्ट मिटलेले. मी दोन पावलं पुढं सरकले, माईक तोंडाशी ओढला आणि पुन्हा विचारलं, "मी आत येऊ का?" माईक शिट्टी वाजवून बंद पडला. वायरमन धावला. त्याचं काम होईपर्यंत थांबायला मी तयार नव्हते. मी माईक बाजूला केला, पोटातून श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा, कर्ण्याशिवाय, मांडवाच्या शेवटच्या खांबाकडं बघून विचारलं.

"ये की गं बाई!" सगळा बायकांचा घोळका एकदम ओरडला. "किती येळा इचारतीस!"

मी आत गेले. पहिल्याच वाक्याला घामानं पाठ भिजली होती आणि अजून तीन अंक बाकी होते.